कूळ, खत आणि फेड : घरगुती कर्जाच्या मराठी शब्दसृष्टीचा विचार

निफाड तालुक्यातील एक शेतकरी घर उदाहरणादाखल कल्पावे. दोन एकर द्राक्षबाग, थोडा कांदा. घरात आजी, नवराबायको आणि दोन मुले. 'तुमच्यावर कर्ज किती?' असे विचारले असता घरधनी सांगतो, 'सोसायटीचे एक लाख ऐंशी हजार.' हे उत्तर खोटे नाही. परंतु ते पुरेही नाही. औषधांच्या दुकानात एक लाख दहा हजारांची उधारी आहे. घरधनिणीचे दागिने बँकेत ठेवून नव्वद हजार उचललेले आहेत. मेव्हण्याकडून सत्तर हजार हातउसने आणलेले आहेत. एकूण देणे साडेचार लाखांचे. त्यांपैकी दोन लाख सत्तर हजार 'कर्ज' या शब्दात मावलेलेच नाहीत.

ही चूक बेरजेची वाटते, पण ती बेरजेच्या आधी घडलेली असते. ज्या रकमांना वेगवेगळी नावे आहेत, त्या एकाखाली एक मांडाव्यात असे मनात येतच नाही. घरगुती कर्जाचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. ज्या भाषेत घर आपले कर्ज स्वतःला सांगते, किंवा सांगत नाही, त्या भाषेकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात देण्याघेण्याच्या काही प्रमुख मराठी शब्दांचा अर्थ, त्यांचे मूळ व त्यांचा व्यवहारातील उपयोग यांचा परामर्श घेतला आहे. कर्ज फेडण्याची सुरुवात पैशापासून होत नाही. ती नाव देण्यापासून होते, हा त्यामागील मुख्य विचार आहे.

१

देण्याच्या नावांपैकी 'ऋण' हे सर्वांत जुने. वैदिक काळापासून ते चालत आले असून त्याला प्रथमपासूनच नैतिक अर्थाची जोड आहे. मनुष्य देवांचा, ऋषींचा व पितरांचा ऋणी म्हणून जन्मास येतो, ही कल्पना तैत्तिरीय संहितेइतकी जुनी आहे. 'कर्ज' हा शब्द त्या मानाने अलीकडचा. अरबीतून फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. मूळ अरबी धातूचा अर्थ 'कापणे' असा आहे. आपल्या धनातून कापून दिलेला भाग ते कर्ज. मराठीने या दोन शब्दांत कामाची वाटणी करून घेतली. माणूस आईवडिलांच्या ऋणात असतो, बँकेच्या कर्जात असतो. तथापि ही वाटणी पक्की नाही. 'ऋण काढून सण' या म्हणीत ऋण रोख पैशाचे आहे, आणि कर्जबाजारी माणसाला वाटणारी लाज ही बरीचशी ऋणाची लाज आहे. हिशेबाच्या प्रश्नात अब्रूचा प्रश्न मिसळतो तो येथे.

'उधार' हा शब्द संस्कृत 'उद्धार' यापासून आला. वर उचलून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. त्याच कल्पनेचा मराठी अवतार म्हणजे 'उचल'. साखर कारखान्याच्या तोडणी कामगारापासून नोकरदारापर्यंत सर्वांच्या तोंडी तो आहे. दुकानातील उधारीत व्याज हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. मात्र रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांत अंतर असले, की ते अंतर हेच व्याज होय. ते भावात मुरलेले असते, एवढेच. येथे 'व्याज' या शब्दाचा इतिहास आठवावा. संस्कृतात त्याचा अर्थ 'निमित्त, बहाणा' असा आहे. 'व्याजस्तुती' व 'व्याजोक्ती' या अलंकारांच्या नावांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. पैशाच्या वाढीला संस्कृतात 'वृद्धि' किंवा 'कुसीद' म्हणत. बहाण्याचा वाचक शब्द मराठीत वाढीचा वाचक झाला. आणि उधारीतील व्याजाकडे पाहिले, तर दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात असे म्हणावे लागते.

'उसने' याचे क्षेत्र निराळे आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी व तेवढीच परत द्यावी, हा त्याचा मूळ व्यवहार. त्यात व्याज नाही, कागद नाही, मुदतही नाही. म्हणूनच सत्तर हजारांची रक्कम 'हातउसने' या नावाने घरात आली, की ती साखरेच्या वाटीचा हलकेपणा घेऊन येते. तिचे व्याज पैशात भरावे लागत नाही. ते लग्नकार्यातल्या मानापमानात, न बोललेल्या शब्दांत आणि बहिणीच्या माहेरी येण्याजाण्यात भरले जाते.

'गहाण' आणि 'तारण' ही जोडी याहून बोलकी आहे. पहिला शब्द संस्कृत 'ग्रहण' यापासून आलेला. घेणाऱ्याचा हात त्यात दिसतो. दुसऱ्यात तारणे, वाचविणे ही क्रिया आहे. वस्तू एकच. परंतु जमीन 'गहाण पडते' आणि सोने 'तारण ठेवले जाते'. घरात तर तेवढेही बोलले जात नाही. 'दागिने बँकेत ठेवले आहेत' असे सांगितले जाते, आणि ते चोराच्या भीतीने ठेवले की पैशाच्या गरजेने, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे असते.

कल्पिलेल्या घरातील चार रकमांना चार नावे का, हे यावरून ध्यानात येईल. त्यांपैकी कागदोपत्री कर्ज म्हणून उठून दिसते ते सोसायटीचे, कारण त्याचा बोजा सातबाऱ्यावर चढलेला असतो. जे सरकारी कागदावर दिसते ते कर्ज. बाकीचे सारे 'होऊन जाईल' या सदरात पडते.

२

कर्ज देणाऱ्याला व घेणाऱ्याला काय म्हणावे, हाही प्रश्न लहान नाही. कायद्याच्या मराठीत 'धनको' व 'ऋणको' अशी समतोल जोडी आहे. व्यवहारातील जोडी 'सावकार' व 'कूळ' ही होती. 'सावकार' या शब्दाच्या मुळाशी 'साधु' आहे. सचोटीचा व्यवहार करणारा तो सावकार. 'कूळ' हा तर संस्कृतातील 'कुल' म्हणजे घराणेच. जमीन कसणारा जसा मालकाचे कूळ, तसा पैसे घेणाराही सावकाराचे कूळ. मराठीने घराण्याला आणि देणेकऱ्याला एकच शब्द दिला.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. सावकाराच्या चोपडीत खाते एका माणसाच्या नावाने उघडले जाई, परंतु ते चाले घराण्याच्या नावाने. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे हिंदू धर्मशास्त्रानुसार पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले जाई. मुंबई इलाख्यात तर वारशाने काही मिळाले नसतानाही पुत्रावर ही जबाबदारी येत असे. १८६६ च्या कायद्याने ती वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. पुढे २००५ च्या हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियमाने, त्यानंतर काढलेल्या कर्जापुरते, केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर वसुलीचा दावा चालणार नाही असे ठरविले. म्हणजे कायद्यातले 'कूळ' सुटण्यास दीडशे वर्षांच्या आसपास काळ लागला.

भाषेतले कूळ अद्याप सुटलेले नाही. कर्ज घराचे म्हणून बोलले जाते, परंतु त्याची माहिती बहुधा एकाच माणसाजवळ असते. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात महाराष्ट्राने वारंवार पाहिलेले एक दृश्य असे, की माणूस गेल्यानंतर त्याच्या पत्नीला देण्याची एकेक रक्कम दारात येणाऱ्यांच्या तोंडून कळते. भार कुळाचा आणि हिशेब एकाचा, ही विसंगती 'कूळ' या शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतराएवढीच खोल आहे.

३

या ठिकाणी निफाडचा एक निराळा संबंध सांगितला पाहिजे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. शेतकऱ्याचे कर्ज हा त्यांच्या अर्थचिंतनाचा एक प्रमुख विषय होता. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याच्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केले आणि १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

हा कायदा ज्या घटनेतून जन्मास आला, ती घटना खताशी निगडित होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. उठाव करणाऱ्यांचा रोख प्रामुख्याने खतांवर व रोख्यांवर होता. ती ताब्यात घेऊन जाळली गेली. 'खत' म्हणजे मुळात अरबीतील 'रेघ, लिखाण'. ज्याला ती रेघ वाचता येत नव्हती, त्याने ती जाळली.

खतात असे काय होते, हे समजण्यास 'मुद्दल' व 'दामदुपट' हे दोन शब्द उपयोगी पडतात. 'मुद्दल' या शब्दाचे कन्नड 'मोदलु' व तमिळ 'मुदल' यांच्याशी असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचा अर्थ 'आरंभ, पहिले' असा होतो. जे पहिल्याने दिले ते मुद्दल. 'दामदुपट' हा हिंदू विधीतील जुना नियम : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. शंभर रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले, तर पाच वर्षांत सरळ व्याज एकशे वीस होते; परंतु दामदुपटीमुळे एकूण वसुली दोनशेवर थांबते.

हा बांध फोडण्याची युक्ती सोपी होती. दरवर्षी जुने खत रद्द करावे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवावे, आणि नव्या रकमेचे नवे खत लिहून घ्यावे. मग पाच वर्षांनी तेच शंभर रुपये दोनशे त्र्याण्णव होतात. आणि प्रत्येक नव्या खतात आरंभाची रक्कम नवी असल्याने दामदुपटीचा नियम मोडला असेही दिसत नाही. 'पहिले' या अर्थाचा शब्द दरवर्षी नव्याने पहिला होत जातो.

१८७९ च्या कायद्याने या युक्तीवर नेमके बोट ठेवले. खतावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासण्याचा अधिकार व कर्तव्य न्यायालयाला देण्यात आले. मुद्दलाचा व व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडावा, आणि करारान्वये मुद्दलात मिळविलेले व्याज मुद्दल म्हणून धरू नये, असे ठरविण्यात आले. भरलेल्या रकमेची पावती, वर्षाचा हिशेब व खातेपुस्तिका मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची रीत बंद झाली. उठावाने खत जाळले. कायद्याने ते वाचले.

कायद्याच्या मर्यादाही होत्या. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. नाशिक जिल्हा १८६९ मध्येच स्वतंत्र झालेला असल्याने रानड्यांचे जन्मगाव त्या कक्षेबाहेर राहिले. शिवाय कायदा टाळण्यासाठी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची प्रथा वाढली. व्यवहार तोच राहिला, नाव बदलले. नावाच्या आड दडण्याची कला कर्ज घेणाऱ्याइतकीच देणाऱ्यालाही अवगत असते.

४

सावकाराची जागा हळूहळू संस्थांनी घेतली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला गेला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आढळला, आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. महाराष्ट्रात 'सोसायटी' हा शब्द घरातला झाला तो त्यानंतरच्या काळात.

संस्था बदलली, परंतु एक शब्दप्रयोग नव्या रूपाने जुनेच काम करीत राहिला. तो म्हणजे 'नवे-जुने करणे'. मार्चअखेर जवळ आली, की पीककर्जाची जुनी रक्कम भरावयाची आणि लगेच नवे कर्ज उचलावयाचे, यास शेतकरी नवे-जुने म्हणतात. वेळेवर भरणाऱ्यास व्याजात सवलत मिळते, तेव्हा ही रीत अविचाराची नव्हे. परंतु भरण्याची रक्कम बागेच्या उत्पन्नातून आली नसेल, तर ती चार-आठ दिवसांसाठी कोठून तरी आणावी लागते. आणि नव्या कर्जातून ती परत केली, की हाती उरते ते थोडके. या समासाची रचना पाहण्यासारखी आहे. कालक्रमाने आधी जुने फिटते, मग नवे येते. उच्चारात मात्र 'नवे' पुढे आहे. या अर्थी 'जुने-नवे' असे कोणी म्हणत नाही. नव्याची ओढ जुन्याच्या फेडीहून अगोदरची आहे, असेच जणू भाषा सांगते.

शासनाच्या परिभाषेतही एक बदल नोंदण्यासारखा आहे. २००८ ची केंद्राची योजना 'कर्जमाफी' म्हणून ओळखली गेली. २०१७ मध्ये राज्याने दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जासाठी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली, आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. 'माफी' हा शब्द अपराध गृहीत धरतो. 'मुक्ती' बंधन गृहीत धरते. हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. परंतु तिन्ही योजना संस्थांच्या कर्जाविषयी होत्या. दुकानातील उधारी, मेव्हण्याचे उसने यांना त्यांत स्थान नव्हते, आणि असूही शकत नव्हते. ज्या घराने आपले देणे 'कर्ज' या एकाच नावाखाली मोजले, त्या घराला माफीनंतर सारे संपल्यासारखे वाटते. आणि उरलेल्या रकमा पुढल्या हंगामात पुन्हा उभ्या राहतात.

५

आता 'फेडणे' या क्रियापदाकडे वळता येईल. प्राकृत 'फेडइ' पासून आलेल्या या क्रियापदाचा जुना अर्थ 'सोडविणे, दूर करणे' असा आहे. वस्त्र फेडतात, नवस फेडतात, डोळ्यांचे पारणे फेडतात, आईवडिलांचे पांग फेडतात. या सर्वांत काहीतरी बांधलेले, गुंडाळलेले सोडविण्याची कल्पना आहे. मराठीला कर्ज हे ओझ्याप्रमाणेच गाठीसारखेही दिसते. ओझे टाकून देता येते, गाठ मात्र सोडवावी लागते. आणि सोडविण्यासाठी आधी तिचे पीळ कसे पडले आहेत हे पाहावे लागते.

'फेडणे' याचे अकर्मक रूप 'फिटणे'. सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे या जोड्यांप्रमाणेच ही जोडी आहे. पहिल्या रूपात क्रिया आपोआप घडते, दुसऱ्यात तिला कर्ता लागतो. कर्जबाजारी घरातील बोलणे ऐकले, तर ते बहुतांशी पहिल्या रूपात चालते : 'कर्ज झाले', 'बाकी राहिली', 'व्याज चढले', 'यंदा भाव मिळाला की फिटेल.' या वाक्यांत कोणी काही केलेले नाही व कोणी काही करणारही नाही. द्राक्षाच्या हंगामात अवकाळी पाऊस येतो, लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव एका आठवड्यात कोसळतो, हे लक्षात घेता ही अकर्मक भाषा निव्वळ पळवाट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ कर्ज खरोखरच 'होते'. ते कोणी हौसेने करीत नाही. परंतु जे आपोआप झाले ते आपोआप फिटत नाही. 'यंदा फिटेल' पासून 'आपण फेडू' पर्यंतचे अंतर एका स्वराचे व एका व्यंजनाचे आहे. घराला मात्र ते ओलांडण्यास कित्येक वर्षे लागतात.

कल्पिलेल्या घराकडे परत येऊन पाहता, ते अंतर ओलांडले जाते ते पुढील क्रमाने. प्रथम चारही रकमा एका वहीच्या एकाच पानावर लिहिल्या जातात, आणि ते पान घरातील कर्त्या माणसांना वाचून दाखविले जाते. 'साडेचार लाख' हा आकडा घरधनिणीच्या कानावर पडतो, तेव्हा कर्ज पहिल्यांदा कुळाचे होते. नंतर प्रत्येक रकमेपुढे मुद्दल व व्याज वेगळे लिहिले जाते. उधारीच्या भावात मुरलेले व्याजही. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाकडून जे करवून घेतले, तेच येथे घर स्वतःसाठी करते. तिसरी पायरी क्रम लावण्याची. सोसायटीची मुदत सांभाळावयाची, कारण ती चुकली की सवलत जाते. उरलेल्यांत ज्याचे व्याज जड ते आधी; म्हणून दुकानाची उधारी व सोन्यावरील कर्ज पुढे येते, आणि नवी औषधे शक्य तेवढी रोखीने घेतली जातात. मेव्हण्याला व्याज द्यावयाचे नसले, तरी तारीख द्यावयाची असते. तारखेने उसन्याचे रूपांतर कर्जात होते आणि नात्यातील अवघडलेपण पुष्कळ अंशी दूर होते. अखेरची पायरी हप्त्याची. फारसीत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत तो महिन्याचाही होतो आणि हंगामाचाही. द्राक्षाच्या घराला महिन्याचा हप्ता झेपत नाही, कारण त्याचा पैसा वर्षातून एकदाच येतो. तेव्हा फेडीचे वेळापत्रक बागेच्या छाटणीशी व तोडणीशी जुळवावे लागते.

यात चमत्कार काही नाही. एक वर्ष गारपिटीचे गेले, तर पानावरील आकडा पुन्हा वाढेल. परंतु तो वाढला हे सर्वांना ठाऊक असेल, आणि कोणाच्या डोक्यावर तो एकट्याने राहणार नाही.

सोसायटीची फेड पूर्ण झाली म्हणजे मिळणाऱ्या कागदाला 'बेबाकी दाखला' म्हणतात. ज्यात 'बाकी' नाही तो बेबाकी. तो तलाठ्याकडे नेला, की फेरफार होऊन सातबाऱ्यावरील बोजा उतरतो. दुकानाच्या उधारीला किंवा मेव्हण्याच्या सत्तर हजारांना असा दाखला मिळत नाही. त्यांची बेबाकी होते ती वहीच्या त्या पानावर, एकेका रकमेवर मारलेल्या रेघेने. 'खत' या शब्दाचा मूळ अर्थ रेघ असाच आहे, हे येथे पुन्हा आठवावे. ज्या रेघेने कूळ बांधले गेले, तिचा शेवटही रेघेनेच होतो; फरक एवढाच, की ही दुसरी रेघ घराने स्वतःच्या हाताने ओढलेली असते.